चेलोवाला कुठे मिळतो बाप्पा नागपुरात

गेले तीन रविवार आमच्याकडे दुपारी कुलर बंद असतो. मे महिना, नागपूर, बाहेर ४५, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि आमच्या प्रतापनगरच्या हॉलमध्ये तीन माणसं दारंखिडक्या लावून वाद्यं घेऊन बसलेली. बायको म्हणते हे संगीत नाही, प्रायश्चित्त आहे. आता कुलर बंद का, तर आमचा कुलर गातो. खरंच. त्याची मोटर एक सूर धरून बसते, धड काळी एक नाही न धड पांढरी दोन नाही, मधलंच काहीतरी, आणि आमचे व्हायोलिनवाले काका वाजवता वाजवता नकळत त्या सुराकडे सरकून राहतात आणि मग माझा कीबोर्डच बेसूर वाटायला लागतो. म्हणून कुलर बंद. गळ्यात टॉवेल घ्यायचा आणि बसायचं.

हे सगळं सुरू झालं त्याला कारण एक जपानी माणूस, रिउइची साकामोतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. जन्म टोकियो, १९५२. १९७८ मध्ये दोन मित्रांसोबत यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा नावाचा ग्रुप काढला, सगळं सिंथेसायझर आणि मशीनवर, आज जे इलेक्ट्रॉनिक म्युझिक म्हणून लोक ऐकतात त्याच्या आजोबांपैकी एक. मग १९८३ ला मेरी ख्रिसमस मिस्टर लॉरेन्स, त्यात गायक डेव्हिड बोवीसमोर कॅप्टन म्हणून ॲक्टिंगही केली आणि म्युझिकही दिलं. मग १९८७ चा द लास्ट एम्परर, त्याचं ऑस्कर दोघांसोबत वाटून मिळालं, डेव्हिड बर्न आणि काँग सू. गेला २८ मार्च २०२३ ला, ७१ व्या वर्षी. एवढं पुरे, बाकी तुम्ही शोधा.

मुद्द्याची गोष्ट म्हणजे त्याने १९९६ साली एक अल्बम काढला, नावच १९९६. (नाव सुचलं नसेल किंवा सुचूनही ठेवलं नसेल, दोन्ही मला आवडतं.) त्यात स्वतःचीच जुनी कामं, सिनेमातली, आधीच्या अल्बममधली, पुन्हा काढली, पण फक्त तीन वाद्यांवर. पियानो स्वतः, चेलोवर (व्हायोलिनचा मोठा, जाड आवाजाचा भाऊ) ब्राझीलचा जाक मोरेलेनबाउम, व्हायोलिनवर मुख्यतः एव्हर्टन नेल्सन. बस. ज्या लास्ट एम्पररमध्ये अख्खा ऑर्केस्ट्रा आणि वर चिनी वाद्यं, ते तिघांत. जे लॉरेन्स सिंथेसायझरच्या घंटांवर उभं होतं, ते तिघांत.

आता मी त्या काळात कोण होतो तर ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला. आपल्या अर्थाने ऑर्केस्ट्रा, म्हणजे गणपती, नवरात्र, ३१ डिसेंबर, कुणाच्या लग्नाचं रिसेप्शन. दोन ढोलक, एक ऑक्टोपॅड, एक गिटार, एक फिमेल सिंगर, दोन मेल सिंगर, एक निवेदक जो जोक मारायचा, आणि मी. माझ्या कीबोर्डवर स्ट्रिंग्स नावाचं बटण होतं आणि ते दाबलं की मी एकटाच चाळीस व्हायोलिनवाले व्हायचो. मला त्या बटणाचा इतका गर्व होता की विचारू नका. कुठल्याही गाण्यात, कुठल्याही जागी, रिकामं वाटलं की दाब. रिकामं म्हणजे पाप, असं आमचं शास्त्र होतं. ऑर्केस्ट्राचे मालक मागून ओरडायचेच, "भर बे, भर, खाली काऊन सोडून राहिला!"

तर १९९९ ला माझ्या आतेभावाने सिंगापूरहून ही सीडी आणली. मी लावली. पहिल्या ट्रॅकचं नाव ए डे अ गोरिला गिव्ह्ज अ बनाना, म्हटलं चला मजा असेल. ऐकलं आणि माझी पहिली प्रतिक्रिया खरंखरं सांगतो, बाकीचे कुठे गेले? मला वाटलं रिहर्सलचं रेकॉर्डिंग चुकून विकलं की काय. दोन-तीन ट्रॅक ऐकले, सीडी कपाटात. आतेभावाला म्हटलं छान आहे. त्याने ओळखलं.

ती सीडी कपाटातून बाहेर आली थेट २०२३ मध्ये, तो गेल्याची बातमी वाचली तेव्हा. सीडी प्लेयर कधीचाच भंगारवाल्याने नेला होता, म्हणून मोबाइलवर शोधून गाडीत लावलं, धरमपेठेत ट्रॅफिक पार्कच्या बाजूला गाडी लावून, कारण घरी पाहुणे होते. आणि मी चाळीस मिनिटं तिथंच बसून होतो. म्हातारपण म्हणा, ऑर्केस्ट्रा सुटून वीस वर्षं झाली म्हणा, कान बदललेत एवढं खरं.

बिबो नो आओझोरा घ्या. हे मुळात १९९५ च्या स्मूची अल्बममधलं गाणं, तो स्वतः गायलाय त्यात, आणि गायक म्हणून तो काही आपल्या फार कामाचा नाही हे त्याच्या चाहत्यांनी मान्य करावं. ट्रायोमध्ये, म्हणजे या तिघांच्या रूपात, गळा काढून टाकला. पियानो खाली एकच हालचाल करत राहतो, तीच तीच, थोडी थोडी रंग बदलत, आणि वर चेलो आणि व्हायोलिन येतात. आता इथे माझ्यासारख्या माणसाची अपेक्षा काय असते की व्हायोलिन गाणार आणि चेलो खालून आधार देणार. तसं होत नाही. चेलोच गायला लागतो. मग व्हायोलिन त्याच्या वर येऊन त्याचंच वाक्य तोडतं, मग दोघं वेगवेगळ्या दिशेनं जातात आणि पियानो मधे तसाच, जणू याच्याशी आपला संबंध नाही. शेवटाकडे तर सूर इतके वाकडे जातात की वाटतं आता पडलं, पण पियानोचा तो पाया सुटत नाही. २००६ च्या बाबेल सिनेमाच्या शेवटाला ही धून आहे, तिथे बऱ्याच लोकांनी ऐकली असेल नाव माहीत नसताना.

१९१९ नावाचा ट्रॅक आहे, त्याचं उलट, सगळे मिळून ठोकतात. पियानो हातोडा, व्हायोलिन आणि चेलो करवत. तालवाद्य एक नाही आणि तरी पाय थांबत नाही. ऑर्केस्ट्रातल्या आमच्या ऑक्टोपॅडवाल्याला ऐकवला तर तो म्हणाला, "यात मी काय करू?" मी म्हटलं काहीच नाही. तो बिचारा दुखावला.

आणि शेल्टरिंग स्काय. याची एक गोष्ट त्यानेच एका माहितीपटात सांगितलीय. १९९० चा सिनेमा, दिग्दर्शक बर्तोलुच्ची, लास्ट एम्पररवालाच. रेकॉर्डिंगला ऑर्केस्ट्रा बसलाय, आणि दिग्दर्शक म्हणतो ही सुरुवात मला आवडली नाही, बदल, आत्ता. साकामोतो म्हणतो अहो माणसं बसलीयेत. तर तो म्हणतो मोरिकोने (इटलीचा नावाजलेला सिनेमा-संगीतकार) करून द्यायचा. झालं! मोरिकोनेचं नाव घेतल्यावर काय करणार, अर्ध्या तासात लिहून दिलं. हे ऐकून मला आमच्या सगळ्या एकांकिकांचे सगळे दिग्दर्शक आठवले, फक्त ते मोरिकोनेऐवजी दुसऱ्या कॉलेजच्या म्युझिकवाल्याचं नाव घ्यायचे.

आता सगळंच भारी आहे असं मी म्हणणार नाही. लास्ट एम्परर ट्रायोमध्ये मला नाही जमत. ती धूनच राजवाड्याच्या अंगणात उभी राहून वाजवायची आहे, तीन माणसं ती वाजवतात तेव्हा सूर सगळे बरोबर येतात पण अंगण येत नाही. उलट त्याच सिनेमातला रेन, ती दुसरी बायको घटस्फोट मागून पावसात निघून जाते तो प्रसंग, तो तिघांत मूळपेक्षा चांगला झालाय असं माझं ठाम मत, कारण त्यात घाई आहे आणि घाई तीन माणसांना चांगली जमते, साठ जणांना नाही. लॉरेन्सबद्दल मी काही बोललो तर लोक मारतील, त्यामुळे एवढंच की त्याची चाल बरीचशी काळ्या पट्ट्यांवर फिरते, पाचेक सुरांच्या आसपास, म्हणून आपल्या कानाला ती पहिल्यांदा ऐकतानाही ओळखीची वाटते, भूप रागाच्या गल्लीतून गेल्यासारखी. घंटा काढून टाकल्या तरी ती उभी राहते. २०१२ ला त्याने पुन्हा असाच ट्रायो अल्बम केला, थ्री, चेलोवर तोच मोरेलेनबाउम आणि व्हायोलिनवर जूडी कँग, त्यात १९८१ चा हॅपी एंड आहे जो यलो मॅजिक ऑर्केस्ट्राच्या बीजीएम अल्बममध्ये मशीनच्या धुक्यात हरवून गेला होता. धुकं पुसल्यावर कळतं की आत एक साधी, जवळजवळ शाळेच्या प्रार्थनेसारखी चाल होती.

तर हे ऐकून ऐकून माझ्या डोक्यात किडा शिरला. माझीही जुनी कामं आहेत ना. हसू नका. १९९१ ते ९५ मी कॉलेजच्या आणि नंतर राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावरच्या ग्रुपसाठी म्युझिक करायचो, अकरा एकांकिका आणि दोन नाटकं. कॅसेटवर रेकॉर्ड करायचं, आणि शोला कॅसेट पेन्सिलने फिरवून बरोबर जागेवर आणून ठेवायची. त्यातल्या चार कॅसेट वाचल्यात, बाकीच्यांवर आमच्या ताईने नंतर भक्तिगीतं भरली. त्यातले दोन-तीन पीस ट्रायोत करून बघू असं ठरवलं.

पियानो मी, म्हणजे ८८ पट्ट्यांचा डिजिटल, मुलाने घेऊन दिलेला. व्हायोलिनला काका. काका रेल्वेतून रिटायर, मूळचे आंध्राचे, ४० वर्षं नागपुरात, मराठी आपल्यापेक्षा शुद्ध. कर्नाटकी पद्धतीने शिकलेले, त्यामुळे खाली बसून वाजवतात, व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवून. त्यांच्या तारा सा-प-सा-प अशा लावलेल्या, आणि मी इंटरनेटवरून बघून लिहिलेलं सगळं पाश्चात्त्य व्हायोलिनच्या जी-डी-ए-ई तारांच्या हिशोबाने. पहिला रविवार तर फक्त एकमेकांची भाषा समजण्यात गेला. शिवाय काका सरळ सुरावर उतरत नाहीत, घसरत येतात. मी म्हटलं काका इथे सपाट पाहिजे. ते म्हणाले, "सपाट म्हणजे? सूर काय पाट आहे का बसायला?"

उन्हाळ्यात व्हायोलिनचे अजून एक नखरे असतात जे मला माहीत नव्हते. नागपूरच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि खुंट्या सुटतात, सूर लावून ठेवला की पाच मिनिटांत तार टुणकन ढिली. पावसाळ्यात उलट, खुंटी फुगून बसते, हलतच नाही. काका केसमध्ये साबणदाणीत ओला फडका ठेवतात, भोकं पाडलेल्या साबणदाणीत. जुनी युक्ती आहे म्हणे.

आता चेलो. हा खरा प्रॉब्लेम. मी आठ दिवस फोन फिरवले. शाळांत विचारलं, चर्चच्या क्वायरवाल्या ओळखीच्यांना विचारलं, एक म्युझिक शॉपवाला म्हणाला चेलो येऊन जाईल साहेब मागवून देतो पण वाजवणारा मागवता येत नाही. माझ्या ओळखीच्या टप्प्यात तरी चेलोवाला निघाला नाही. मग पुतण्याच्या बँडमधला बास गिटारवाला पोरगा आला. चांगला पोरगा. पण बास गिटारचा सूर छेडला की विझायला लागतो, आणि चेलोचं अख्खं काम सूर धरून ठेवण्याचं, वाढवण्याचं. तर तो म्हणाला काका मी गजाने वाजवून बघू का. काकांनी जुना गज दिला, छातीवर दगड ठेवून. आता व्हायोलिनची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) वर गोल असते म्हणून एकेक तार सुटी वाजते, बास गिटारच्या तारा जवळजवळ सपाटीवर, त्यामुळे गज लावला की सगळ्या एकदम बोंबलतात, फक्त कडेच्या दोन तारा कशाबशा सुट्या वाजतात. पंधरा मिनिटं आम्ही दोन तारांचा चेलो ऐकला. आमची मोलकरीण आतून बघायला आली काय झालं म्हणून.

शेवटी उपाय बाजूच्याच गल्लीत निघाला. आमच्याकडच्या गजानन महाराजांच्या मंदिरातल्या भजनी मंडळाचे पेटीवाले भाऊ. त्यांची पेटी तीन स्वरांची आहे, खर्ज-नर-मादी, त्यातली नर-मादी बंद करून फक्त खर्ज उघडला की खाली एक असा जाड, लोकरीसारखा आवाज येतो की चेलो नाही पण चेलोचा चुलतभाऊ म्हणता येईल. मींड निघणार नाही हे मान्य. पण भाता हलका-भारी करून भाऊ सूर फुगवतात आणि कमी करतात, तेवढं पुष्कळ झालं. आणि पेटीवर एक हात भात्याला जातो म्हणून ते एकच ओळ वाजवू शकतात, हे मला वरदान वाटलं.

वाटलं फक्त. कारण भाऊंनी पहिल्याच दिवशी मला एक प्रश्न विचारला, ज्यावर मी अजून अडकलोय.

"गाणारा कोण हाय?"

मी म्हटलं कोणी नाही भाऊ, तीनच वाद्यं. "ते समजलं ना. पण तिघांत गाणारा कोण? मी साथ कोणाची करू?"

आणि खरंच, आम्ही वाजवायला लागलो की भाऊ काकांच्या मागे जायचे. काकांनी जागा घेतली की हे तीच जागा खाली घेणार, काका थांबले की हे मधली जागा भरणार, अतिशय सुरेख, मंदिरात लोक वाहवा करतील असं, आणि माझी लिहिलेली खालची ओळ गायब. मी म्हणायचो भाऊ तुमचा ग धरून ठेवा, काका कुठंही जाऊ द्या. ते म्हणायचे, "ते पंचमावर गेले न मी गंधारावर बसू? बरं दिसते का ते?" त्यांच्या तीस वर्षांच्या संस्कारात मुख्य माणसाला सोडून आपल्या सुरावर बसून राहणं म्हणजे उद्धटपणा. आणि मला त्यांना चूक म्हणता येईना, कारण आपलं सगळं संगीतच तसं उभं आहे. एक गवई, बाकी साथ. साथ म्हणजे कमी नाही, उलट चांगली साथ करणारा किती दुर्मिळ असतो हे मैफिलीला बसणाऱ्याला विचारा.

माझ्या डोक्यात तोवर एक मोठा गैरसमज होता की ट्रायो म्हणजे कपात. चाळीसातले सदतीस काढा, तीन उरतात. आपल्याकडे अशी सुंदर कपात झालेली आहेच की. गीतरामायण घ्या. १९५५-५६ ला पुणे आकाशवाणीवर वर्षभर झालं तेव्हा ५६ गाणी वेगवेगळ्या गायकांनी गायली, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लताबाई. नंतर बाबूजी स्वतः पेटी घेऊन बसले आणि सगळी पात्रं एकट्याने गायले, राम तेच, सीता तेच, आणि आज आपल्या कानात तेच रूप बसलंय. संगीतकाराने स्वतःचं काम लहान करून पुन्हा मांडलं याचं याहून मोठं उदाहरण मला मराठीत दिसत नाही. पण तिथे भाऊंच्या प्रश्नाला उत्तर आहे. गाणारा कोण? बाबूजी. विषय संपला.

ट्रायोत ते उत्तर नाही, किंवा दर दहा सेकंदाला बदलतं. मग मी जरा वाचलं तर गंमत कळली की तिकडेही हे आधीपासून नव्हतं. अठराव्या शतकातला संगीतकार हायडन, त्याच्या ट्रायोंमध्ये चेलो बहुतेक वेळ पियानोच्या डाव्या हाताच्याच मागे मागे जातो, त्या काळी छापतानाही असं की पियानोचा सोनाटा, व्हायोलिन आणि चेलोच्या साथीने. म्हणजे आमचे भाऊ हायडनच्या काळात फिट बसले असते! बीथोव्हेनपासून चेलो हळूहळू स्वतःचं बोलायला लागला. बीथोव्हेनने स्वतःची दुसरी सिंफनीही (म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्राची रचना) ट्रायोत उतरवली होती, तेव्हा रेकॉर्ड वगैरे नव्हते, लोकांना घरी ऐकायचं तर घरातल्या तीन जणांनी वाजवायचं. आणि जर्मन संगीतकार ब्राह्म्स, त्याने १८५४ चा आपला पहिला ट्रायो १८८९ ला, पस्तीस वर्षांनी, पुन्हा लिहायला घेतला आणि मित्राला कळवलं की टोप नाही घातला, केस थोडे विंचरलेत. खोटं बोलत होता, चांगलीच कापाकापी केलीय त्याने. पण पस्तीस वर्षांनी आपलंच पोरवयातलं काम समोर घेऊन बसलेला तो दाढीवाला म्हातारा मला फार जवळचा वाटला, कारण माझ्याही कॅसेट तेवढ्याच जुन्या आहेत.

तर माझ्या पीसचं काय झालं ते सांगतो.

पहिला पीस म्हणजे माझा हिट. १९९३ च्या एकांकिकेचा शेवट, पोरगा घर सोडून जातो, दिवे मंद, आणि माझी चाळीस सेकंदाची स्ट्रिंग्सची लाट. त्यावर टाळ्या पडायच्या. परीक्षकांनी उल्लेख केला होता. एका काकूंनी मला भेटून डोळे पुसले होते, आणि ती आठवण मी तीस वर्षं खिशात घेऊन फिरलो. ते आम्ही तिघांत वाजवलं आणि काहीच उरलं नाही. म्हणजे अक्षरशः, काकांकडे चार सुरांची एक ओळ, जी नीट ऐकली तर तेव्हा गाजत असलेल्या एका हिंदी गाण्याच्या अंतऱ्यातून आलेली (कोणत्या ते नाही सांगत), आणि बाकी दोघांना करायला काम नाही. मी तीन वेळा नव्याने लिहिलं. भाऊंना खाली वेगळी ओळ दिली तर ती चिकटवल्यासारखी वाटली. पियानोत काही हालचाल घातली तर ती माझ्याच ऑर्केस्ट्राच्या सवयीची, भर बे भर. त्या पीसमध्ये बोलणारा एकच होता आणि त्यालाही फार काही सांगायचं नव्हतं. सगळं ते बटण होतं. काकांनी सांभाळून घेत म्हटलं, "स्टेजवर लाइटबरोबर चांगलं वाटत असेल." हे वाक्य मला दोन दिवस टोचून राहिलं.

दुसरा पीस मी कॅसेट ऐकेपर्यंत विसरलोच होतो. १९९२, एका एकांकिकेत मधे सेट बदलायचा होता, झोपडी काढून ऑफिस लावायचं, ब्लॅकआउट ७० सेकंद. दिग्दर्शक म्हणाला काहीतरी वाजवत राहा, लोकांना खुर्च्या ओढल्याचा आवाज येऊ नये. त्या वेळी मोठा कीबोर्ड माझ्याकडे नव्हता, एका मित्राचा छोटा कॅसिओ होता ज्यात एका वेळी मोजकेच सूर निघायचे. म्हणून मी हॉस्टेलच्या एका बासरीवाल्याला आणि एका गिटारवाल्याला बसवलं, आणि दोघांना एकमेकांचं ऐकू येत नव्हतं म्हणून प्रत्येकाला स्वतःची ओळ पाठ करायला लावली, कोणी कोणावर अवलंबून राहू नये असं. म्हणजे बघा, निव्वळ गरिबीमुळे आणि खराब मॉनिटरमुळे (वाजवणाऱ्यांना एकमेकांचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) मी तीन सुट्या ओळी लिहिल्या होत्या. एक चढते, एक जागेवरच पाच सुरांत घोटाळते, आणि एक हळूहळू खाली उतरते. त्यावर टाळी पडली नाही, पडणारच नव्हती, लोक अंधारात खोकत होते.

हे आम्ही गेल्या रविवारी वाजवलं. बासरीची ओळ काकांना, गिटारची माझ्या उजव्या हाताला, कॅसिओची उतरती ओळ भाऊंच्या खर्जाला. आणि बरोब्बर बसलं. मला फारसं काही बदलावं लागलं नाही, फक्त लय थोडी कमी केली कारण आता झोपडी हटवायची घाई नाही. एका जागी काका वर चढतात आणि त्याच वेळी भाऊ खाली जातात, मधे मोकळी जागा पडते, आणि तिथे मी काही वाजवत नाही. म्हणजे लिहिलंच नव्हतं तिथे काही, कॅसिओची सोय नव्हती म्हणून. हात शिवशिवत होते. नाही भरलं.

भाऊ पहिल्या दोन वेळा काकांच्या मागे गेलेच. तिसऱ्या वेळी डोळे मिटून घेतले आणि भात्यावरचा हात असा धरला जसा माणूस गर्दीत पोराचा हात धरतो, आणि आपल्या ओळीवर राहिले. झाल्यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही, एक तर गर्मीने जीव गेला होता. मग भाऊ म्हणाले, "तिघंही आपापलंच बोलून राहिलो, न भांडण नाही झालं." काका म्हणाले आमच्या घरी असं कधी होत नाही. मग कुलर लावला आणि त्याच्या त्या बेसूर सुरात आम्ही टरबूज खाल्लं.

मोबाइलवर रेकॉर्ड केलंय, टाकणार नाही, मागू नका. व्हायोलिन दीड मिनिटानंतर उतरलंय, खुंटी सुटली होती, आणि मागे बाहेरून भंगारवाल्याची हाक आलीय जी नेमकी भाऊंच्या सुरात आहे, त्याचा भाऊंना फार आनंद झालाय.

ऑर्केस्ट्रातल्या आमच्या जुन्या ढोलकवाल्याला ऐकवलं. तो शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "चांगलं हाय बे. सुरू कधी होते?"

काका आता उद्या मुलीकडे विजयवाड्याला चालले, लोणच्याच्या कैऱ्यांचा सीझन आहे तिकडे, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात परत येतील, तोवर पाऊस लागला तर खुंट्या फुगायला सुरुवात. तिसरा पीस मी काढून ठेवलाय, १९९५ चा, एका दोन अंकी नाटकाची सुरुवात. त्यात काय निघेल देव जाणे, स्ट्रिंग्सचं बटण काढल्यावर. पण काल संध्याकाळी भाऊ मंदिरातून येता येता फाटकाशी थांबले, आत नाही आले, चप्पल अर्धी काढून उभे राहिले आणि विचारलं की त्या नव्या पीसमध्ये सुरुवात पेटीने केली तर चालेल का. काका नंतर येतील, मागाहून.

मी म्हटलं चालेल ना भाऊ.

"मग काकाईले सांगून ठेवा," म्हणाले आणि गेले.